मालाचं नाव न तोडता ओळ तोडायची कशी

वाशीच्या घाऊक बाजारातले भाव साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवले, की ओळ साधारण अशी दिसते (आकडे नमुन्याचे):

हिरवी मिरची     120  2500  3,200

माल, आवक, किमान दर, कमाल दर. मधे कुठे दोन स्पेस, कुठे पाच, कुठे टॅब. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ही ओळ तोडायला स्प्लिट (split) ही आज्ञा पुरते, पण त्याच्या कंसात काय लिहिता त्यावर सगळं ठरतं. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापरा.)

स्प्लिट(' ') लिहिलंत तर प्रत्येक स्पेसपाशी काप पडतो. मिरची आणि 120 यांच्यात पाच स्पेस आहेत, म्हणजे चार रिकामे तुकडे हाती येतात. टॅब असेल तर तो कापलाच जात नाही. कंस रिकामा ठेवा: स्प्लिट(). मग लागोपाठच्या स्पेस, टॅब, ओळीअखेरचं चिन्ह हे सगळं मिळून एकच फट धरली जाते आणि दोन्ही टोकंही साफ होतात.

आता खरी अडचण. 'हिरवी' आणि 'मिरची' वेगळे झाले आणि पुढचे रकाने एकेक घर सरकले. आकडे नेहमी तीनच असतील तर उजवीकडून तोडा:

ओळ.स्ट्रिप().आरस्प्लिट(नन, 3)

आरस्प्लिट (rsplit) म्हणजे उजवीकडून तोडणारा स्प्लिट, नन (None) म्हणजे रिकाम्या कंसासारखीच कोणतीही फट चालेल. उजवीकडून तीन काप, डावीकडे उरेल ते नाव. स्ट्रिप गाळू नका, नाहीतर ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस नावाला चिकटून राहतात.

तुकडे चारच आहेत ना, हे आधी मोजा. कोऱ्या ओळीतून रिकामी यादी येते आणि पहिला तुकडा मागताच प्रोग्रॅम थांबतो. कमी तुकड्यांची ओळ गुपचूप सोडू नका, तिचा क्रमांक छापा. नाहीतर एखादा माल हिशेबातून गळाल्याचं कळणारच नाही.

मजकुरातला आकडा पूर्णांकात बदलणारा इंट (int) देवनागरी '१२०' बिनतक्रार वाचतो, '3,200' मात्र नाही. आधी रिप्लेसनं स्वल्पविराम काढा.

वेबपानावरून उचललेल्या मजकुरात न दिसणारी चिन्हंही येतात. नॉन-ब्रेकिंग स्पेसवर स्प्लिट() तोडतो, शून्य रुंदीच्या स्पेसवर (युनिकोड क्रमांक यू+200बी) तोडत नाही. संशय आला की ओळ रेप्रमधून (repr) छापा, ते चिन्ह उघडं पडतं. सापडलं तर तेवढंच काढा. शेजारच्या यू+200डी या जोडचिन्हाला हात लावू नका: काही कळफलक 'ऱ्या' त्याच्याच आधारानं लिहितात, आणि ते उडालं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो.