आत्या गेली आणि तिची चिंगी माझ्याकडे आली

आत्या चिंगीला अहो-जाहो करायची. "अहो बाई, चला आता," असं म्हटल्याशिवाय ती कुत्री जागची हलायची नाही. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आत्या गेल्यावर नऊ वर्षांची चिंगी माझ्याकडे आली आणि पहिले चार दिवस मी नुसती "चिंगी, ये, ये" करत बसले. ती माझ्याकडे पाहायचीसुद्धा नाही. म्हणून घरातलं माणूस गेल्यावर त्याचा प्राणी सांभाळायची वेळ आली, तर आधी चौकशी करा. उठायची, फिरायची, जेवायची वेळ काय? फिरताना माणसाच्या डावीकडून चालतो की उजवीकडून? कुठल्या शब्दाला उठतो? ओळखीच्या लोकांना विचारून सगळं कागदावर लिहा आणि पहिला महिना तसंच वागा. आपल्याला खुळचट वाटलं तरी. मी रस्त्यात "अहो बाई" म्हणत होते, लोक वळून बघत होते.

दुसरी गोष्ट, काही धुऊ नका. मी पहिल्याच दिवशी उत्साहाने तिचं अंथरूण धुऊन टाकलं आणि आत्याचा वासच घालवला. नशिबाने आत्याची शाल पिशवीत राहिली होती. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या ग्रेगरी बर्न्स यांच्या गटाने 2015 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवलेल्या कुत्र्यांना त्यांनी वेगवेगळे वास दिले. मेंदूतला सुखाच्या अपेक्षेशी जोडलेला भाग सगळ्यांत जास्त उजळला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने, आणि तेव्हा ते माणूस समोर नव्हतं. हे मी वाचलं अंथरूण वाळत घातल्यावर.

गळ्यातला बिल्ला मात्र त्याच दिवशी बदला. त्यावर गेलेल्या माणसाचा फोन नंबर असतो. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिथलीही नोंद बदलून घ्या. असा प्राणी दार उघडं दिसलं की जुन्या घराकडे निघू शकतो.

संध्याकाळी सहा वाजले की चिंगी दाराशी जाऊन बसायची. आत्या त्या वेळी घरी यायची. तिला तिथून ओढू नका, खाऊ दाखवून उठवूही नका. कुशीत घेतलं तर आणखी घाबरट होईल असं सांगणारे खूप भेटतील. ते खरं नाही. धीर दिल्याने भीती वाढत नाही, फक्त धीर त्याला हवा असला पाहिजे. मी हातभर अंतरावर बसायचे, तिच्याकडे पाठ करून भाजी निवडत. लोक मला हाचिको या जपानी कुत्र्याची गोष्ट पाठवत होते. त्याचा मालक 1925 च्या मे महिन्यात वारला आणि तो 1935 च्या मार्चपर्यंत, स्वतः मरेपर्यंत, टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मालकाची वाट पाहायला येत राहिला. गोष्ट मोठी आहे, पण मला माझ्या घरात हाचिको नको होता. मला चिंगी जेवायला हवी होती.

आणि जेवणाच्या बाबतीतच मी मोठी चूक केली. वाडग्याला तोंड लावून ती मागे सरायची. मी म्हटलं, दुःख आहे, दुसरं काय! सहा दिवस असे घालवले. शेवटी डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर दाढ तुटलेली. दाढ काढली आणि दोन दिवसांत बाई वाडगा चाटू लागल्या. म्हातारा प्राणी दुःखाने खात नाही असं स्वतःच ठरवू नका. कुत्र्याने दोन दिवस काही खाल्लं नाही तर दाखवाच. मांजर असेल तर एक दिवसही पुरे, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं.

स्पर्श सावकाश. डोक्यावरून हात नेऊ नका, बाजूने छातीला किंवा हनुवटीखाली लावा. तीन अंक मोजा आणि हात काढून घ्या. नाकाने हात ढकलला तर पुन्हा. जांभई दिली, ओठ चाटले, तोंड फिरवलं, डोळ्याचं पांढरं दिसलं, तर आज पुरे. डोळ्यांत डोळे घालून बसायचं नाही. जपानी संशोधकांनी 2015 मध्येच दाखवलं की कुत्रा आपल्या माणसाकडे बराच वेळ पाहत राहिला की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे माया-जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. पण यात "आपल्या" हा शब्द महत्त्वाचा. अनोळखी माणसाची टक लावलेली नजर कुत्र्याला धमकी वाटते. तो आपणहून बघेल तेव्हा बघा, आणि पापण्या मिटत बघा.

रडू आलं तर रडा, पण दिवसभर त्याच्या गळ्यात पडून नको. मी एकदा रडता रडता तिला घट्ट धरलं, तर ती हलकेच सुटून पलंगाखाली गेली. आत्याची आठवण सांभाळायचं काम मी तिच्यावर टाकत होते. तिला फिरायला जायचं होतं.

शाल कधी धुवायची? प्राणी तिच्यावर झोपायचा थांबला की. चिंगी चौथ्या महिन्यात माझ्या चपलांवर झोपू लागली. शाल मी अजून धुतलेली नाही, पण त्यात चिंगीचा काही संबंध नाही.