मूळव्याधीचं रक्त थांबलं: रबर बँडचा माझा अनुभव

शौचाला दुखायचं नाही, पण शेवटी लालभडक रक्त टपटप भांड्यात पडायचं. एक कोंब बाहेर यायचा आणि आपोआप आत जायचा. मलम, ताक, सुरण सगळं झालं. तेवढ्यापुरतं बरं, पुन्हा तेच. लाजेपोटी 2 वर्षं वाया घालवली, याचं फार वाईट वाटतं.

शेवटी सर्जनकडे गेलो. त्यांनी आधी आतून तपासून रक्त मूळव्याधीचंच असल्याची खात्री केली. ही तपासणी टाळू नका, चाळिशीनंतर तर मुळीच नाही. ग्रेड 2 निघाली, म्हणजे कोंब बाहेर येतो पण आपोआप आत जातो, म्हणून बँडिंग ठरलं: रबर बँडने कोंबाचं मूळ आवळायचं, म्हणजे तो सुकून गळतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

कुशीवर झोपवलं, प्रॉक्टोस्कोप (गुदद्वारातून आत बघायची छोटी नळी) घातला, कोंबाच्या मुळाशी इवलंसं काळं रबरी कडं सोडलं. भूल नाही, कारण बँड बसतो तिथे टोचल्याची जाणीव देणाऱ्या नसा नसतात. तीव्र कळ आली तर तिथल्या तिथे सांगायचं. बँड फार खाली, नसा असलेल्या भागात बसलेला असू शकतो. 10 मिनिटांत मोकळा.

पुढचे 2 दिवस जडपणा, सारखं शौचाला लागल्यासारखं. तरी कुंथायचं नाही. रात्री इसबगोल, दिवसभर भरपूर पाणी, दोनदा कोमट पाण्याच्या टबात बसणं. सातव्या दिवशी थोडं रक्त दिसलं: कोंब गळाला होता. ताप, लघवी अडणं, वाढती कळ किंवा न थांबणारं रक्त असेल तर लगेच दवाखाना गाठा.

6 आठवड्यांनी दुसरा कोंब बांधला. त्यानंतर रक्त नाही. इसबगोल मात्र चालूच आहे.