क्रिप्टो कॅसिनोचा परवाना घेण्याआधी बँकेचं बघा

क्रिप्टो स्वीकारणारा ऑफशोअर (परदेशी परवान्यावर चालणारा) ऑनलाइन कॅसिनो उभा करताना बहुतेकजण आधी परवान्याचे पैसे भरतात आणि मग बँक शोधायला निघतात. हा क्रम उलटा करा. परवाना मिळतो, पण तो दाखवूनही खातं न उघडणाऱ्या बँकाच जास्त असतात. पगार, कर, परवाना शुल्क आणि गेम पुरवठादारांची बिलं यांतलं बरंच काही शेवटी बँकेतूनच भरावं लागतं.

सुरुवात बाजारपेठेपासून होते. एका बेटाचा परवाना म्हणजे जगभर खेळवायची मुभा नव्हे. अमेरिकेचा 2006 चा यूआयजीईए कायदा बेकायदा ऑनलाइन जुगाराचे पैसे स्वीकारण्यावरच बंदी घालतो. भारताचा 2025 चा कायदा पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांचे बँक व्यवहार दोन्ही रोखतो. असे देश यादीतून काढा आणि खेळाडूंना आयपी, फोन क्रमांक आणि केवायसीतला पत्ता अशा तिन्ही ठिकाणी अडवा. नुसता आयपी अडवला तर व्हीपीएनवाला आत येतो. तो जिंकून पैसे काढायला आला की कागदपत्रं मागितली जातात आणि तक्रार थेट नियामकाकडे जाते.

मग परवाना. कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर पूर्वी मोजके मुख्य परवानाधारक पोटपरवाने वाटत. 24 डिसेंबर 2024 ला एलओके हा तिथला नवा जुगार कायदा लागू झाला आणि आता परवाना थेट कुरासाओ गेमिंग ऑथॉरिटीकडून घ्यावा लागतो. अजूनही पोटपरवाना विकणारा एजंट भेटला तर बोलणं तिथेच थांबवा. आइल ऑफ मॅनला किमान दोन स्थानिक संचालक लागतात. माल्टात क्रिप्टो घ्यायला नियामकाची वेगळी मंजुरी लागते, खर्च आणि वेळही जास्त, पण तो परवाना बँका गांभीर्याने घेतात. कोमोरोसमधल्या अंजुआन बेटाचा परवाना स्वस्त आणि झटपट मिळतो, पण अनेक बँकांच्या लेखी त्याला वजन नाही. तिथे वाचवलेले पैसे पुढे पेमेंटच्या वाढीव दरात जातात.

बँकेला द्यायच्या फाइलवर खरी मेहनत घ्या. त्यात मालकीचा तक्ता प्रत्यक्ष माणसापर्यंत पोचलेला हवा. मालकांचं भांडवल कुठून आलं हे करपत्रकं आणि बँक उताऱ्यांनी सिद्ध झालेलं हवं. भांडवल क्रिप्टोतून आलं असेल तर नाणी कधी, कुठल्या एक्स्चेंजवर, किती पैशांत घेतली तिथपासूनची साखळी दाखवा. ‘जुनी गुंतवणूक’ एवढ्यावर भागत नाही, बहुतेक अर्ज इथेच अडतात. त्यानंतर एका पानावर पैशाचा प्रवास काढा: खेळाडूचं वॉलेट, तुमचं वॉलेट, क्रिप्टोचं चलन करून देणारी परवानाधारक संस्था, मग बँक. प्रत्येक टप्प्यावर तपासणी कोण करतं ते नावानिशी लिहा.

व्यवसाय लपवू नका. कार्ड व्यवहारांत जुगाराचा व्यापारी कोड 7995 आहे. ‘सॉफ्टवेअर सेवा’ म्हणून नोंदणी करून देतो म्हणणारे बरेच भेटतील. ते उघडकीला आलं की कंपनी आणि मालकांची नावं मास्टरकार्डच्या मॅच यादीत (कार्ड सेवा बंद केलेल्या व्यापाऱ्यांची यादी) जातात आणि पाच वर्षं राहतात. रीतसर कोडवर साधारण 5 ते 10 टक्के रक्कम कार्ड व्यवहार हाताळणाऱ्या संस्थेकडे 180 दिवस राखीव म्हणून अडकते. महिन्याला 1 लाख युरो कार्डाने येत असतील आणि राखीव 10 टक्के असेल तर सहाव्या महिन्यापर्यंत जवळपास 60 हजार युरो हाताबाहेर असतील. खेळत्या भांडवलात ते आधीच धरा.

बँक नाही मिळाली तर ई-मनी संस्था (बँक नसलेली, पण पैसे ठेवायचा आणि पाठवायचा परवाना असलेली) हा व्यवहार्य पर्याय आहे. पण तिच्याही मागे एक बँक असते आणि तिने हात काढला की तुमचं खातं त्याच दिवशी गोठू शकतं. म्हणून दोन संस्था घ्या आणि दोघींची मागची बँक वेगळी आहे ना, हे लेखी विचारा. खेळाडूंचे पैसे आणि चालू खर्च एका खात्यात कधीच ठेवू नका.

आता एक जमा बारकाईने पाहू. खेळाडूने 500 यूएसडीटी (टेदर कंपनीचं डॉलरशी बांधलेलं नाणं) पाठवले. रक्कम त्याच्या खात्यात दाखवण्याआधी पाठवणारा पत्ता चेन-ॲनालिसिस साधनातून (नाणी कुठून आली याचा माग काढणारं सॉफ्टवेअर) तपासा. मिक्सर (नाण्यांचा माग पुसणारी सेवा), हॅक किंवा निर्बंध यादीशी संबंध निघाला तर रक्कम बाजूच्या वॉलेटमध्ये ठेवून अनुपालन अधिकाऱ्याकडे द्या. न विचारता परत पाठवणं हीसुद्धा चूक ठरू शकते. डागाळलेली नाणी मुख्य वॉलेटमध्ये मिसळली तर पुढची संस्था तुमचा सगळा लॉटच अडवते, आणि यूएसडीटी तर टेदर कंपनी पत्त्यावरच गोठवू शकते. नोंदीत व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा ओळख क्रमांक), नेटवर्क, वेळ आणि त्या क्षणाचा दर हवा. युरोपीय संघात 30 डिसेंबर 2024 पासून क्रिप्टो सेवा देणाऱ्या संस्थांना रक्कम कितीही असली तरी पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती सोबत द्यावी लागते. तुमच्या नोंदी अपुऱ्या असतील तर पैसे त्यांच्याकडेच थांबतात.

खेळाडूंचं देणं ज्या नाण्यात आहे, तेवढी नाणी त्याच नाण्यात राखा. देणं बिटकॉइनमध्ये आणि साठा यूएसडीटीत असेल तर भाव चढला की तूट तुमची. हा ताळा रोज घाला आणि त्याचा मासिक उतारा बँकेने मागण्याआधीच पाठवा.