आधी ग्रह ओळखा, दुर्बीण मग घ्या

आकाश बघायचं ठरलं की बहुतेक जण आधी टेलिस्कोप घेतात. मीही घेतला होता. त्याचा ट्रायपॉड इतका लटपटायचा की शनी कसाबसा नजरेत यायचा आणि फोकसला हात लावला की पळायचा. दोन महिन्यांत तो माळ्यावर गेला. मग वही, पेन्सिल आणि नुसते डोळे घेऊन बसू लागलो, तेव्हा कुठे काहीतरी कळायला लागलं. म्हणून क्रम सांगतो तो असा.

डोळ्यांना वेळ द्या. अंधाराला डोळे नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल उघडलात तर केलेलं सगळं पाण्यात. वहीत बघायला टॉर्च हवाच असेल तर काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर लावा. अंधुक तारकागुच्छ बघायचे असतील तर पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री सोडा. ग्रहांना एवढे लाड लागत नाहीत. गुरू आणि शुक्र शहराच्या झगमगाटातही दिसतात.

ग्रह शोधा. अख्खं आकाश धुंडाळायची गरज नाही. सूर्य आणि चंद्र ज्या वाटेने जातात, त्याच पट्ट्यात ग्रह सापडतात. सूर्याच्या या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात. तिथे एखादा ठळक ठिपका न लुकलुकता शांत तेवत असेल तर तो बहुधा ग्रहच. तारा इतका दूर असतो की तो निव्वळ बिंदू उरतो आणि हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश थरथरतो. ग्रहाची मात्र बारीकशी चकती असते, त्यामुळे ती थरथर आपसात जिरून जाते. क्षितिजालगत मात्र हा नियम फसतो, तिथे ग्रहही लुकलुकतात.

शुक्र ओळखायला सगळ्यात सोपा: लख्ख पांढरा, सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. सूर्यापासून तो ४७ अंशांहून लांब जातच नाही. हात ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे जेमतेम पावणेपाच मुठी. बुध २८ अंशांच्या आतच घुटमळतो, म्हणून तो संधिप्रकाशात गाठावा लागतो. त्याच्यासाठी बायनॉक्युलर वापरणार असाल तर संध्याकाळी सूर्य पूर्ण मावळल्यावरच डोळ्याला लावा आणि पहाटे सूर्य उगवण्याआधीच खाली ठेवा. भिंगातून सूर्य क्षणभर दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

मंगळ तांबूस असतो, पण रोहिणी आणि ज्येष्ठा हे तारेही तसेच आणि त्याच वाटेवरचे. नवखा माणूस इथे हमखास फसतो.

वहीत टिपा. ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. ग्रहाजवळचे तीन-चार तारे ठिपक्यांनी काढा, ग्रहाला फुली करा, तारीख घाला. आठवड्याने पुन्हा काढा. मंगळ एरवी रोज साधारण अर्धा अंश, म्हणजे चंद्राच्या रुंदीएवढा सरकतो. सुमारे २६ महिन्यांनी पृथ्वी आतल्या मार्गाने त्याला मागे टाकते. त्या सुमारास फुल्या आधी थबकतात आणि मग उलट्या दिशेला जाऊ लागतात. वक्री मंगळ म्हणजे हाच.

आता बायनॉक्युलर. १० × ५० पुरे. १० पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं असतं. कोपरं कठड्यावर टेका, नाहीतर चित्र नाचत राहील. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने एखादा तारा टोकदार करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. आता गुरूकडे वळा.

आधी नुसता झगझगीत गोळा दिसेल. श्वास रोखून थांबा. त्याच्या दोन्ही बाजूंना, एका सरळ रेषेत, सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसू लागतील. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिलेले चार चंद्र ते हेच. शनीच्या कड्यासाठी मात्र टेलिस्कोपच हवा, २५-३० पट तरी. २०२५ मध्ये कडं आपल्याला कडेवरून, रेघेसारखं दिसत होतं. आता ते हळूहळू उघडत चाललंय.

गुरूचं चित्रही वहीत काढा: मध्ये गोल, बाजूला ठिपके, शेजारी वेळ. चारच्या जागी तीन दिसले तर नजरेला दोष देऊ नका, एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे असतो. या चौघांतला सगळ्यात आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो, त्यामुळे एकाच रात्रीतही फरक पडतो. माझ्या वहीत एका पानावर साडेआठला तीन ठिपके आहेत. खाली साडेअकराची नोंद आहे, तिच्यात गुरूच्या डाव्या अंगाला चौथा आलाय आणि त्याच्याभोवती मी पेन्सिल इतकी दाबून गोल केलाय की कागद फाटलाय.