गॅस टर्बाइनचा कंप्रेसर कसा धुवायचा

उरणसारख्या खाऱ्या हवेतल्या वीजकेंद्रात मेगावॅट घटले की आधी कंप्रेसरकडे, म्हणजे हवा ओढून दाबणाऱ्या भागाकडे बघा. टर्बाइनच्या शक्तीतला निम्म्याहून जास्त वाटा तोच खातो. पात्यांवर मीठ आणि तेलाचा थर बसला की हवा कमी ओढली जाते, दाब उतरतो आणि तेवढ्याच विजेला इंधन जास्त लागतं.

मशीन बंद करून थंड होऊ द्या. व्हीलस्पेसचं (टर्बाइनच्या चकत्यांलगतच्या पोकळीचं) तापमान साधारण 65 अंश सेल्सिअसखाली यायलाच हवं (नेमका आकडा उत्पादकाच्या मॅन्युअलमधला धरा). गरम धातूवर गार पाणी पडलं तर तडे जातात. ज्वलनकक्षाचे आणि एक्झॉस्टचे ड्रेन उघडा, कूलिंग-सीलिंग हवेच्या (भाग गार ठेवणाऱ्या आणि फटी रोखणाऱ्या हवेच्या) लाइन बंद करा. हे विसरलं की साबणाचं पाणी बेअरिंगपर्यंत पोचतं.

आता इंधन न देता, फक्त स्टार्टरवर फिरवत डिटर्जंटचं द्रावण फवारा. रोटर थांबवून वीसेक मिनिटं भिजू द्या. मग पुन्हा फिरवत डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने, ड्रेनला फेस येणं थांबेपर्यंत धुवा. नळाचं पाणी अजिबात नको. त्यातलं सोडियम पुढे टर्बाइनची तापलेली पाती गंजवतं.

शेवटी कोरडं फिरवून ड्रेन बंद करा, हवेच्या लाइन पूर्ववत उघडा.