बाईक बोटीतनं नेताय? या चुका टाळा

पुण्यातनं ताम्हिणी उतरून कोकणात जाणाऱ्यांना जंगल जेटीची, म्हणजे खाडीतनं गाड्या नेणाऱ्या बोटीची सवय असते, आगरदांडा-दिघी म्हणा, वेश्वी-बागमांडला म्हणा, दाभोळ-धोपावे म्हणा, गाडीवर बसल्या बसल्याच खाडी पार. तीच सवय घेऊन लोकं गुजरातच्या हजीरा-घोघा फेरीला (सुरतजवळनं भावनगरजवळ गाड्या नेणारी मोठी बोट) जातात आणि तिथे घोळ होतो. सौराष्ट्र करायला ही फेरी मस्तच आहे, रस्त्याने ३७० किमी पडतं ते समुद्रातनं साधारण ९०, पण तीन-चार तास तुम्ही वर आणि गाडी खाली एकटी, त्यात बोट हलतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी लावून सरळ वर निघून जाणं. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या बुलेटला दोरी बांधली होती, पण हँडलच्या ग्रिपवरनं. ती सरकली, आणि उतरायला गेलो तर बुलेट शेजारच्या गाडीवर रेललेली, क्लच लिव्हर मधोमध तुटलेला. दोनशे किलोचं धूड आहे ते, फार वाईट वाटलं बघून. म्हणून स्वतःचे दोन-तीन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) न्याच. पट्टा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) वरच्या क्लॅम्पला किंवा चॅसीला घ्यायचा, आरसा-इंडिकेटर-ग्रिपला नाही, सीटवरनं जाणार असेल तर खाली जुना टॉवेल. मेन स्टँडवर गाडी ताठ दिसते पण डुलली की पुढे घसरून स्टँडवरनं उतरू शकते, त्यापेक्षा साईड स्टँड, पहिला गिअर, आणि पुढचा ब्रेक दाबून लिव्हरला जुन्या ट्यूबचा तुकडा गच्च बांधायचा, पंक्चरवाल्याकडे सहज मिळतो.

पाणी, जॅकेट, उलटीची गोळी आधीच काढून घ्या, मधे खाली सोडतीलच असं नाही. गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. अलार्म असेल तर बंद करा, हलण्याने तो वाजत राहतो आणि बॅटरी बसते.

आता उतरताना गाडी चालू होत नाही आणि मागनं हॉर्न सुरू होतात, तेव्हा घाबरू नका. बऱ्याच गाड्या साईड स्टँड खाली आणि गिअर पडलेला असेल तर स्टार्टच होत नाहीत, न्यूट्रल करा. मग किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा. डिस्क लॉक (ब्रेकच्या डिस्कला लावायचं कुलूप) लावलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर दोन फुटांवर गाडी आडवी.

रॅम्प लोखंडी, वर पाणी आणि शेवाळ, ओहोटीला तर चढ बेकार असतो. पिलियनला, म्हणजे मागे बसणाऱ्याला उतरवा, पहिल्या गिअरमधे सरळ रेषेत घ्या, पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

आणि मुक्कामी पोचलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी धुवा, चेन पुसून ल्यूब मारा. डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसला तर दोन-चार ब्रेकमधे जातो, पण चेनवरचं मीठ आपोआप जात नाही.