श्रवणयंत्र घरी आणण्यापूर्वीची तयारी

घरातील वडीलधाऱ्या माणसाला पहिल्यांदाच श्रवणयंत्र बसवायचे ठरले की किंमत किती आणि ते कानात दिसेल का, एवढ्याच चर्चेत सगळे अडकतात. त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कानातला मळ काढून घ्यावा, कारण मळ असेल तर श्रवणचाचणीही चुकू शकते आणि पुढे यंत्र शिट्टीही मारते. चाचणीच्या आलेखाची प्रत घरी ठेवावी आणि यंत्राच्या बॅटरीचा आकार दाखवणारा क्रमांक लिहून घ्यावा. यंत्रावरची लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

आणि एक वही आणावी. यंत्र येण्याआधीच आणावी आणि त्यांच्या रोजच्या बसण्याच्या जागी पेनासह ठेवावी. आमच्या घरी पहिल्या खेपेस ही वही नव्हती. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, "कसे ऐकू येते?" असे विचारल्यावर वडील "बरे आहे" एवढेच म्हणाले, यंत्रात काहीही बदल झाला नाही आणि लवकरच यंत्र कपाटात गेले. आपल्याकडची ज्येष्ठ माणसे डॉक्टरांसमोर तक्रार करायला संकोचतात. यंत्राची जुळणी मात्र तक्रारींवरच होते. डिजिटल यंत्र संगणकाला जोडून बारीक आणि जाड आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात, पण नेमके काय कमी करायचे हे "बरे आहे" यातून कोणालाच कळत नाही. म्हणून कोणता आवाज, कुठे आणि काय झाले, हे त्याच दिवशी लिहावे: कुकरची शिट्टी सहन झाली नाही, कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या गर्दीत सूनबाईंचे बोलणे समजले नाही, रंकाळा तलावावर वारा घोंगावला, स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. ही शेवटची तक्रार तर हमखास लिहावी, कारण कानाची वाट बंद झाल्याने तसे होते आणि कानात बसणारा भाग बदलून किंवा त्यातले छिद्र मोठे करून ते बरेच कमी करता येते. त्यांना लिहायचा कंटाळा येत असेल तर रात्री जेवणानंतर विचारून आपण लिहावे, पण वही कोरी ठेवू नये.

वर्षानुवर्षे न ऐकलेले पंख्याचे, भांड्यांचे, पावलांचे आवाज एकदम परत येतात आणि मेंदूला त्यांची सवय व्हायला काही आठवडे, काहींना काही महिने लागतात. सुरुवातीला घरातच, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना थोडे तास यंत्र लावावे आणि रोज वेळ वाढवावा. पहिल्याच आठवड्यात अंबाबाईच्या देवळातल्या गर्दीत किंवा लग्नाच्या कार्यालयात नेऊन "आता ऐकू येतंय ना?" असे विचारणे हा निव्वळ छळ आहे, तो करू नये.

घरच्यांनाही शिकवावे लागते. स्वयंपाकघरातून हाका मारू नयेत. समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा, नाव घेऊन मग बोलावे. आणि कृपा करून ओरडू नये: आवाज यंत्र वाढवतेच, ओरडल्याने शब्द फाटतात. नातवंडांना हे पुन्हा पुन्हा सांगावे.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल यंत्रात शिरते, म्हणून सिलिका जेलची डबी आधीच आणावी आणि रात्री बॅटरीचे दार उघडे ठेवून यंत्र तिच्यात ठेवावे. चार्जिंगचे यंत्र असेल तर चार्जरची जागा ठरवावी. श्रवणयंत्रातल्या छोट्या गोल झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढला की ती हवेमुळे सुरू होते, म्हणून जादा बॅटऱ्यांचे स्टिकर काढू नयेत. बॅटऱ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, गिळल्यास जिवावर बेतते. आंघोळ, डोक्याचे तेल आणि पावडर उरकल्यावरच यंत्र घालावे. रोज कोरड्या फडक्याने पुसावे. वॉरंटीचे कार्ड जपावे. फेरतपासणीची तारीख यंत्र घेतानाच ठरवावी, त्या दिवशी घरातील कोणीतरी सोबत जावे आणि वही न विसरता न्यावी. ते "बरे आहे" म्हणाले तरी वहीतले सगळे वाचून दाखवावे.